कंडमवाले नत्थूजी

सरकारी कागदावर तो शब्द मोठ्या थाटात यायचा. अस्सल इंग्रजी विशेषण, 'कन्डेम्ड'. मागेपुढे चार-पाच शब्दांचे चपराशी घेतल्याशिवाय ते हलायचं नाही: दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं, वापरास सर्वथा अयोग्य, वगैरे वगैरे. साहेबाच्या टेबलावरून बाबूच्या टेबलावर, तिथून स्टोअरच्या खिडकीत आणि खिडकीतून वर्कशॉपच्या तेलकट फरशीवर उतरेपर्यंत त्या शब्दाचा कोट, टाय, जोडे सगळं गळून पडलेलं असायचं. उरायचा फक्त उघडाबंब 'कंडम'. आणि नागपुरातल्या त्या सरकारी वर्कशॉपमध्ये कंडम म्हणायचा अधिकार एकाच माणसाकडे होता. हेड फिटर नत्थूजी सुखदेवे, राहणार इंदोरा.

नत्थूजी हा शब्द जपून वापरत. नवीन आलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी धडा द्यायचे.

"खराब म्हंजे आज बिघडलं, उद्या चालन. बेकार म्हंजे चालन, पण चालवाची कोणाले गरज नाही. भंगार म्हंजे बाप मेला, पण पोरं कामाची आहेत, पुर्जे काढून घ्या. अन् कंडम?"

"कंडम म्हणजे पूर्ण नाश झालेलं," नवीन माणूस म्हणायचा.

"नाही. कंडम म्हंजे मी उघडून पाह्यलं."

हा त्यांचा दंडक होता. यंत्र बाहेरून कितीही जळकं, गंजकं, चेपलेलं असो, उघडून पाहिल्याशिवाय नत्थूजी कंडम म्हणत नसत. सगळे नट खोलायचे, पोट उघडायचं, बोटानं चाचपायचं, आणि मगच छन्नी घेऊन लोखंडावर ठळक फुली मारायची. फुली मारली की कागद भरायचा: 'उघडून पाहिले, आतील भाग निकामी.' खाली दोन सह्या, एक नत्थूजींची आणि एक स्टोअरबाबूची. मग ती वस्तू लिलावात. चुकून निर्णय फिरलाच तर त्याचीही सोय नियमात होती. फुलीभोवती छन्नीनं गोल काढायचा. गोलातली फुली म्हणजे वस्तू पुन्हा कामावर रुजू. तेवीस वर्षांत नत्थूजींच्या एकाही फुलीभोवती गोल पडला नव्हता. हे ते स्वतः सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

इंदोऱ्यात या कीर्तीचा त्यांना फार ताप होता. रविवारी सकाळी दारात रांग लागायची. कोणाचा स्टोव्ह, कोणाचं शिलाईयंत्र, कोणाचा रेडिओ. शेजारच्या कवडूनं एकदा टेबलफॅन आणला आणि रडवेल्या तोंडानं विचारलं, "नत्थूजी, सांगून टाका गा. कंडम आहे काय?" नत्थूजींनी फॅन उघडला. आतून वाळून कागद झालेली पाल निघाली. फॅन सुरू झाला. कवडूची बायको म्हणाली, "याहीले बी उघडून पाहा नं एखाद दिवशी. लगन झाल्यापासून हवाच देत नाहीत." त्यावर नत्थूजी गंभीरपणे म्हणाले की माणसाला उघडता येत नाही, म्हणून माणसाला कंडम म्हणता येत नाही. नगरसेवकाला तेवढं म्हणता येतं, कारण तो भाषणात स्वतःच उघडा पडतो.

तर अशा माणसाची मुलगी लग्नाची झाली.

पुष्पलता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पारशिवनीकडच्या डोंगरटोलीहून विश्वनाथ नावाचा मुलगा तिला बघून गेला होता. बाप नाही, आई आणि तो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला, पण नोकरीच्या मागे न लागता गावात पिठाची चक्की टाकलेला. पाहुण्यांचा चहा झाला, जय भीम झाला आणि निघताना तो दारात थबकला. नत्थूजींच्या दाराची कडी आठ वर्षांपासून लागत नव्हती. सगळ्या वस्तीचे स्टोव्ह सुधारणाऱ्या माणसाच्या दाराला रात्री पाटा टेकवून ठेवावा लागायचा. विश्वनाथनं खिशातून पेचकस काढला, दोन स्क्रू सोडले, पट्टी उलटी करून बसवली. कडी खट् करून लागली.

"बाबा," तो गेल्यावर पुष्पलता म्हणाली, "त्यानं होकार विचारायच्या आधी कडी लावली."

तिच्या चेहऱ्यावरून नत्थूजींना कळलं की पोरीकडून काम फत्ते झालं. त्यांना कडीचा थोडा राग आला होता, पण तो त्यांनी गिळला. आता फक्त मुलाचं घर बघून यायचं होतं.

१९७९ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी ते निघाले. सोबत बायको कौसल्या आणि तिसरे मनोहरराव भुसारी, वर्कशॉपचे स्टोअरबाबू. मनोहररावांची पारशिवनीला थोडी शेती होती. "रस्ता मी दाखवतो नं बाप्पा," असं म्हणून ते बरोबर आले. वीस वर्षांची ओळख, आणि वीस वर्षांची थट्टा. मनोहररावांच्या तोंडात गेलेली गोष्ट सोमवारी साडेदहापर्यंत सगळ्या वर्कशॉपला कळलेली असायची. अकरा वाजता चौकीदारापर्यंत पोहोचायची.

एसटी खापरखेड्याच्या चिमण्या मागे टाकून निघाली. खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. कौसल्येनं पदर ओला करून डोक्यावर घेतला. बसमधून उतरून दोन मैल चालल्यावर डोंगरटोलीची झाडं दिसली, आणि झाडांच्या आधी आवाज ऐकू आला.

टुक्... टुक्... टुक्... टुक्...

नत्थूजी थांबले. मान तिरकी केली. असं करताना ते पक्क्या गवयासारखे दिसत.

"ऐकता काय, भाऊसाहेब?"

"चक्कीचं इंजिन आहे."

"इंजिन तं बैलालेही समजते. ताल पाहा. एक ठोका चुकून नाही राहिला. पाच हॉर्सपॉवर, एक सिलिंडर. सांगू? मशीन नवीन आहे. दोन वर्षांच्या वर नाही. पोरानं कंपनीतून डायरेक्ट आणली असन." मग कौसल्येकडे वळून म्हणाले, "पोरगं हिशेबाचं आहे वं, पुष्पीची माय. मशीन घेतली तं नवीन घेतली."

हे बोलले नसते तर पुढे अर्धी फजिती वाचली असती.

घर मातीचं पण सारवून लखलखीत. विश्वनाथची आई सत्यवतीबाई हसऱ्या तोंडाची, पीठ उडून उडून भुवया पांढऱ्या झालेल्या. तिनं खाट टाकली, पोहे दिले, चहा दिला. मनोहररावांनी चहा बशीत ओतून प्यायला आणि घराची तारीफ केली. मग विश्वनाथ म्हणाला, "चला काकाजी, मशीन दाखवतो."

चक्कीची खोली पुढे होती आणि तिच्या मागे टिनाच्या छपराखाली इंजिन. भिंतीतल्या भोकातून पट्टा पुढे गेलेला. चक्कीच्या खोलीत पाच-सहा बाया दळणाच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांना वरून खाली असं न्याहाळलं, की पाहायला आलेलं कोण हेच कळेना. खोलीतून जाताना मनोहररावांच्या चष्म्यावर पिठाचा थर बसला.

नत्थूजी सगळ्यांच्या पुढे होते. ते इंजिनापाशी गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

ब्लॉकच्या अंगावर, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळवणाऱ्या जॅकेटवर, वीतभर लांबीचा पिवळाधमक टाका होता. काळ्या लोखंडात पितळेची नागमोडी रेघ, एखाद्या साडीच्या काठासारखी. आणि टाक्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, छन्नीनं मारलेली फुली. डावीकडची रेघ थोडी लांब, शेवटी खाली वळलेली. अशी रेघ नागपूर जिल्ह्यात एकच माणूस मारत होता.

नत्थूजींना ते इंजिन आठवलं. आणि जे आठवायला नको होतं तेही आठवलं.

सहा वर्षांमागचा दसऱ्याचा आदला दिवस. दीक्षाभूमीवर जायला चांद्याकडून, भंडाऱ्याकडून, गोंदियाकडून पाहुणे आलेले, इंदोऱ्याच्या दोन खोल्यांत एकतीस माणसं. दुपारी कौसल्येचा निरोप आला, पीठ संपलं, लवकर या, दळण आणायचं आहे. आणि वर्कशॉपच्या अंगणात हे एक इंजिन बाकी राहिलेलं. कोण्या दीडशहाण्या ऑपरेटरनं तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं होतं आणि जॅकेटला तडा गेला होता. तडा बाहेरूनच दिसत होता. नत्थूजींनी घड्याळ पाहिलं. इंजिन पाहिलं. फुली मारली. कागदावर लिहिलं, 'उघडून पाहिले, आतील भाग निकामी,' आणि पिशवी घेऊन चक्कीकडे पळाले.

तेवीस वर्षांतलं हे एकच इंजिन त्यांनी उघडलं नव्हतं. एकच. आणि ते धडधडीत चालू स्थितीत होणाऱ्या जावयाच्या घरात उभं होतं.

मागून मनोहररावांच्या चपलांचा आवाज आला. नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि घाम पुसता पुसता सहज ठेवल्यासारखा फुलीवर टाकला.

"कशी वाटते मशीन?" विश्वनाथनं आवाजावर ओरडून विचारलं.

"बढिया!" नत्थूजी ओरडले.

"नवीन नाही बरं का, काकाजी! कंडम आहे!"

मनोहरराव चष्मा काढून धोतरानं पुसत होते. कंडम म्हटल्याबरोबर त्यांचे कान टवकारले. "कंडम? अरे, या शब्दाचे मालक तर हे उभे आहेत. यांनी कंडम म्हटलेलं यंत्र देवानं येऊन हँडल मारलं तरी सुरू होत नाही."

"मंग हे दुसऱ्या कोणाचं असन," विश्वनाथ म्हणाला. त्याला सांगायचा उत्साह आला होता. "कबाड्याच्या अंगणात पडून होती. मी नट पाह्यले. हेडच्या नटांवर कंपनीचा रंग जसाच्या तसा. पाना लागला असता तं रंग फुटला असता. म्हंजे कोणं उघडलंच नाही! मी उघडली, तं आत पिस्टन आरशासारखा. दाढी करून घ्या. खापरखेड्याच्या एका वेल्डरचा गॅसचा सेट बैलबंडीत घालून आणला. गोवऱ्यांचा आर करून ब्लॉक सारा लाल होईस्तोवर तापवला, पितळेनं टाका मारला अन् दोन दिवस राखेत झोपवून ठेवला. एकदम थंड झालं असतं तं पुन्हा तडकलं असतं. काकाजी, ज्यानं हे कंडम केलं नं, तो गाढव होता, नाही तं आंधळा होता, नाही तं त्याले कुठंतरी जाची घाई होती."

"असन, असन," नत्थूजी म्हणाले. त्यांचे कान इंजिनापेक्षा जास्त तापले होते.

"त्यानं फुली बी मारली आहे. दाखवतो. हा दुपट्टा..."

दुपट्ट्याचं एक टोक धुराच्या नळीला टेकलं होतं. त्यातून आता वेगळाच धूर निघत होता. विश्वनाथनं झडप घातली, नत्थूजींनीही घातली. ओढाताणीत दुपट्टा खाली पडला, नत्थूजी त्याच्यावर नाचले आणि नाचता नाचता मनोहररावांना मिठी मारून त्यांना सरळ बाहेर घेऊन आले.

"काय झालं?" मनोहररावांनी विचारलं. त्यांचा चष्मा अजून हातातच होता.

"धूर लागते तुमच्या डोळ्याले. सावलीत बसा. तुम्ही पाहुणे."

मनोहरराव खाटेवर बसले आणि सत्यवतीबाईंनी त्यांना दुसरा चहा दिला. नत्थूजी मागच्या दारानं पुन्हा इंजिनापाशी गेले. विश्वनाथ चिंधीनं धुराची नळी पुसत होता.

"बाबू," नत्थूजींनी आवाज खाली आणला, पण इंजिनामुळे लगेच वर न्यावा लागला, "ते फुली घासून टाक."

"काहून?"

"दिसाले बरोबर नाही दिसत. चांगल्या मशीनवर फुली. कानस मार, दोन मिनिटाचं काम."

विश्वनाथ हसला. "नाही, काकाजी. ते फुली मिटवली तं लोक म्हणतीन, पोरानं बरी मशीन विकत आणली अन् बसला. मंग मी काय केलं? ते फुली आहे म्हणून टाक्याले किंमत आहे."

 नत्थूजी अंगणाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. नवऱ्याची चाल ओळखून कौसल्या मागोमाग आली.

"काय झालं? दुपट्टा काहून जाळला?"

"पुष्पीची माय, हे सोयरीक होत नाही."

"काहून? पोरगं दारू पेते काय?"

"नाही."

"मंग? घर वाईट आहे? सासू वाईट आहे?"

नत्थूजींनी सगळं सांगितलं. फुली सांगितली, तडा सांगितला, हेडच्या नटांवरचा रंग सांगितला. "आता विचार कर वं. मी सही केली का उघडून पाह्यलं म्हणून. उद्या पुष्पी या घरात आली का लोक काय म्हणतीन? दोनच गोष्टी. एक तं नत्थू खोटा, न उघडता सह्या करते. नाही तं नत्थू चोर. सासऱ्यानं जावयासाठी चांगलं इंजिन कंडम करून ठेवलं. तेवीस वर्षं जे नाव कमावलं, ते या भुसारीबाबूच्या तोंडून एका दिवसात जाईन. त्यापेक्षा नाही म्हणून टाकू. पत्रिका..."

"पत्रिका आपण पाहतो काय?"

"तब्येत नाही जमत म्हणू."

"कोणाची तब्येत? तिकडं पोरगी कडी लावते अन् काढते, लावते अन् काढते. दिवसभर तोच उद्योग आहे तिचा."

 कौसल्येनं पदरानं घाम पुसला. तिचा आवाज खाली आला, आणि तिचा आवाज खाली आला की नत्थूजींना जास्त भीती वाटायची.

"तुमच्या आज्याले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते नं?"

"त्याचं आता काय?"

"माह्या बापाले शाळेच्या बाहीर बसवत होते. पिढ्या न् पिढ्या आपल्यावर फुली. कंडम. कोणं उघडून पाह्यलं होतं काय? सांगा नं. एका तरी माणसानं उघडून पाह्यलं होतं काय?"

कडुनिंबावर एक कावळा ओरडला. इंजिन मागे टुक् टुक् करत होतं.

"अन् तुम्ही बी तसंच केलं," कौसल्या म्हणाली. "एकदाच केलं, माहीत आहे मले. दळण आणाले मीच पाठवलं होतं. पण केलं तं केलं. त्या पोरानं उघडलं. अन् आता त्यालेच नाही म्हणता? वा रे फिटर!"

नत्थूजींनी जळका दुपट्टा उलगडून पाहिला. दुपट्ट्याला मुठीएवढं भोक पडलं होतं. मग ते उठले आणि सरळ खाटेपाशी गेले.

"भाऊसाहेब, चष्मा पुसला काय?"

"पुसला."

"मंग लावा अन् चला."

इंजिनापाशी येऊन नत्थूजींनी फुलीवर बोट ठेवलं. "पाहा. कोणाची आहे?"

मनोहरराव वाकले. डावी रेघ लांब, शेवटी वळलेली. एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो पाहिल्या होत्या. जॅकेटच्या तड्यावरचा टाका पाहून ते हळूच सरळ झाले. नत्थूजी आता त्यांच्या हसण्याची वाट बघत होते. सोमवार सकाळ त्यांना डोळ्यासमोर दिसत होती.

पण मनोहरराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला.

"नत्थूजी," ते कुजबुजले, "हे ते दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं?"

"हाव. न उघडता सही केली मी."

"हळू बोला नं!"

"काहून हळू? केलं ते केलं."

"अहो, त्या कागदावर दोन सह्या असतात," मनोहरराव म्हणाले. "दुसरी माझी आहे. 'माझ्या समक्ष उघडले.' मी तेव्हा कुठं समक्ष होतो? मला सणासाठी चारची पारशिवनी गाडी पकडायची होती. मी अडीच वाजताच कोऱ्या कागदावर सही करून निघून गेलो होतो. तुम्ही फुली मारायच्या आधी."

 एकाच दिवशी मनोहररावांचा दसरा, नत्थूजींचा धम्मचक्र दिन, आणि दोघांच्या मधोमध हे बिचारं इंजिन तसंच न उघडलेलं. ज्या माणसाच्या भीतीनं दुपट्टा जाळला, तो माणूस त्यांच्याही आधी पळालेला होता.

आधी नत्थूजींच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग ते इतके हसले की चक्कीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही फुलीच्याही आधी समक्ष! वा, भाऊसाहेब!"

"आता हे इथंच राहू द्या," मनोहरराव म्हणाले. "लिलाव झाला, वर्षं लोटली. कोण विचारते?"

"नाही. सोमवारी साहेबाले मी सांगतो. पोरीच्या लग्नाचं कार्ड देण्याच्या आधी. मंग लोकाहीनं सांगाची पाळी नको."

"सोमवारी मी रजेवर आहे."

"रजेचा अर्ज मीच देईन तुमचा."

विश्वनाथ हातात चिंधी घेऊन हे सगळं ऐकत होता. त्याला आता कुठं कळलं होतं, आणि कळल्याबरोबर त्याचा रंग उडाला होता.

"काकाजी... मी मघाशी गाढव म्हटलं..."

"आंधळा बी म्हटलं," नत्थूजी म्हणाले. "अन् घाई होती असं बी म्हटलं. तिसरं बरोबर होतं. मशीन बंद कर. छन्नी अन् हातोडी आण."

विश्वनाथनं डिझेल बंद केलं. इंजिन दोन-तीन उसासे टाकून थांबलं. पट्टा लटका पडला आणि चक्कीच्या खोलीतून लगेच आवाज आला, "काय झालं? माहं दळण अर्धं आहे!" ती सिंधूताई होती, गावातली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई.

"जरा थांबा, सिंधूताई! पाहुण्याहीचं काम आहे."

"पाहुणे पोरगा पाहाले आले का मशीन तोडाले?"

नत्थूजी मांडी घालून इंजिनापुढे बसले. छन्नीची धार अंगठ्यानं तपासली. गोल काढणं फुलीपेक्षा कठीण असतं. सरळ रेघ कोणीही मारेल, पण गोलाला छन्नी दर ठोक्याला थोडी थोडी फिरवावी लागते आणि टाक्याला हादरा बसू द्यायचा नसतो. त्यांनी नियम वाचला होता, शिकवलाही होता, पण हातानं कधी केला नव्हता.

"भाऊसाहेब, इथं या. जवळ. अजून जवळ."

"काहून?"

"समक्ष."

मनोहरराव धोतर सावरून उकिडवे बसले. ठक्, ठक्, ठक्. हळूहळू फुलीभोवती रेघ वळत गेली. पितळेच्या टाक्याजवळ आल्यावर नत्थूजींनी हात हलका केला, श्वास रोखला, आणि टाक्याला न लागता वळण काढून नेलं. गोल काही फार गोल झाला नाही. बटाट्यासारखा झाला. पण रेघ रेघेला मिळाली.

"झाला रुजू," नत्थूजी म्हणाले. मग हेडवर हात ठेवून विश्वनाथला विचारलं, "पेचकस दे तुहा. तोच, ज्यानं कडी बसवली."

विश्वनाथनं दिला.

"आता हँडल मी मारतो. तू खटका सोड."

"काकाजी, उलटा झटका मारते कधी कधी..."

"मले शिकवू नको. मले तिनं मारलाच पाहिजे एखादा."

पहिल्या खेपेला हँडल फिरलं आणि काहीच झालं नाही. दाराशी बाया हसल्या. दुसऱ्या खेपेला हँडलनं खरोखर झटका दिला, नत्थूजींची टोपी उडून मनोहररावांच्या मांडीत पडली. कौसल्या दारातून म्हणाली, "फेडलं तिनं." तिसऱ्या खेपेला नत्थूजींनी पाय रोवले, दात खाऊन चाक फिरवलं, "सोड!" म्हणून ओरडले, विश्वनाथनं खटका सोडला आणि इंजिननं एक काळा ढग छपराबाहेर फेकला.

टुक्. टुक्. टुक्... टुक्... टुक्...

नत्थूजींनी पेचकसाचं टोक ब्लॉकला लावलं, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले.  सत्यवतीबाई हातात पिठाची टोपली तशीच धरून उभी होती. विश्वनाथला इतकं नक्की कळलं होतं की इथं आता फक्त इंजिनाची परीक्षा चाललेली नाही.

नत्थूजींनी डोळे उघडले. पेचकस विश्वनाथच्या हातात परत दिला.

"टाका चांगला आहे," ते म्हणाले. "डाव्या बाजूचा वॉल्व्ह जरासाक मोठ्यानं बोलून राहिला. लगनाच्या आधी सेट करून घे."

विश्वनाथला उत्तर कळायला एक क्षण लागला. कौसल्येला लागला नाही. तिनं सत्यवतीबाईचे पिठाळलेले दोन्ही हात धरले होते आणि तारखेचं बोलणं सुरूही झालं होतं. मनोहरराव मांडीतली टोपी झटकत होते. पीठ सगळं त्यांच्याच अंगावर उडत होतं.

सिंधूताईनं रिकामी टोपली दारावर आपटली.

"काय वो, मोठे पाहुणे! ठोकून झालं असन तं बाजूले सरा. आत चक्कीवर जाऊ द्या पोराले. माह्या घरी स्वयंपाक खोळंबून राहिला."

नत्थूजी सरले.